मानसशास्त्राच्या संशोधनात प्राणी वापरायचे आहेत? मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी परवानगीची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

पीएच. डी.साठी उंदरांमधली भीती, स्मरणशक्ती किंवा ताण अभ्यासायचा असेल, तर आधी हे लक्षात घ्या: विद्यार्थी स्वतःच्या नावावर ही परवानगी काढू शकत नाही. प्रयोग जिथे होणार ती संस्था सीसीएसईए या, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीकडे नोंदलेली असावी लागते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आणि प्रयोगांविषयीचे 1998 चे नियम हा या सगळ्याचा आधार आहे. जुन्या कागदांवर समितीचं नाव सीपीसीएसईए असं दिसेल. समिती तीच आहे.

मानसशास्त्र विभागांकडे सहसा स्वतःचं प्राणीगृह नसतं. त्यामुळे नोंदणीकृत प्राणीगृह असलेल्या संस्थेतला सहमार्गदर्शक आधी शोधा, विषयाचं शीर्षक नंतर पक्कं करा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) मेंदूशास्त्रज्ञ विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेत कोवळ्या वयातल्या ताणाचा उंदरांच्या मेंदूवर आणि वागण्यावर काय परिणाम होतो यावर अनेक वर्षं काम झालं आहे. आपल्या विषयाला जवळचं काम मुंबईत कुठे चालतं, हे अशा शोधनिबंधांतून कळतं.

कोणाला शक्य आहे, कोणाला नाही

बी. ए.च्या प्रात्यक्षिकासाठी प्राणी मागू नका. पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी काम भागत असेल तिथे प्रयोग टाळावेत आणि केवळ हात बसावा म्हणून प्राणी वापरू नयेत, असं कायद्याचं कलम 17 सांगतं. प्राणिशास्त्र आणि जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमांतली विच्छेदनं आणि प्राण्यांवरचे प्रयोग थांबवायला यूजीसीनेही 2014 मध्ये सांगितलं. अभिसंधान (बक्षीस, शिक्षा किंवा संकेत यांच्या जोडणीतून वागणं कसं बदलतं ते) शिकवायला संगणकावरचा आभासी उंदीर पुरतो. माझ्या मते तो जास्त चांगला, कारण मुलं बिनधास्त चुका करू शकतात.

संशोधनासाठीही फक्त मानसशास्त्राची पदवी पुरत नाही. प्रयोगावर पशुवैद्यक, वैद्यक किंवा प्रयोगशाळेतील प्राण्यांचं शास्त्र अशा विषयांतल्या पात्र व्यक्तीची देखरेख लागते.

फॉर्म बी: खरा अर्ज

यात प्राण्याची जात, वय, लिंग, संख्या, प्राणी कुठून आणणार, प्रयोगाचा कालावधी, प्रत्येक कृतीचा तपशील आणि शेवटी प्राण्यांचं काय करणार हे भरायचं असतं. ही माहिती मार्गदर्शकाला विचारून भरता येते. अडतं ते पुढच्या तीन प्रश्नांवर: प्राणी का लागतात, हीच जात का, आणि एवढेच का?

मानसशास्त्रात या प्रश्नांचं उत्तर इतर विज्ञानांपेक्षा अवघड आहे, आणि ते तसंच असायला हवं. औषधाच्या चाचणीत वेदना हा नको असलेला परिणाम असतो. आपल्याकडे अनेकदा भीती, एकटेपणा किंवा हतबलता हाच अभ्यासाचा विषय असतो. मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी माकडाची पिल्लं आईपासून तोडली. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले. त्यातून जिव्हाळा आणि नैराश्याबद्दल पुष्कळ कळलं, पण त्याची किंमत त्या जिवांनी मोजली. शस्त्रक्रियेत भूल देता येते. वर्तनाच्या प्रयोगात प्राणी जागाच असावा लागतो. म्हणून ‘भूल लागणार नाही’ एवढं लिहून मोकळे होऊ नका. किती ताण, किती वेळ, कोणती लक्षणं दिसली की प्रयोग थांबवणार आणि हे रोज कोण पाहणार, ते लिहा. शिकण्याच्या प्रयोगांत खाणं कमी देऊन वजन मूळच्या साधारण 85 टक्क्यांवर ठेवण्याची जुनी पद्धत आहे. ती वापरणार असाल तर आवडीचा खाऊ देऊन काम का भागणार नाही, हे आधी स्वतःला पटवा. संख्येसाठी सांख्यिकीय गणित जोडा. ‘आधीच्या लोकांनी दहा घेतले’ हे कारण होत नाही.

सोबत काय जोडायचं

संशोधनाचा आराखडा, मार्गदर्शकांची संमती, प्रयोग करणाऱ्यांची पात्रता आणि प्रशिक्षणाचे दाखले, प्राणी नोंदणीकृत पैदासकाराकडून येणार असल्याचा कागद, निधीचा स्रोत, पर्यायी पद्धतींचा शोध घेतल्याची नोंद आणि सही केलेलं प्रतिज्ञापत्र. संस्थेची स्वतःची यादी वेगळी असू शकते, ती प्राणीगृहाच्या कार्यालयातून घ्या.

पुढे काय होतं

अर्ज संस्थेच्या आयएईसी या नीतिसमितीपुढे जातो. तिथे संस्थेचे शास्त्रज्ञ आणि पशुवैद्य असतात. सीसीएसईएने नेमलेले बाहेरचे सदस्यही असतात, त्यांत एक विज्ञानाबाहेरचा. उंदीर, ससे, गिनीपिग यांचे अर्ज इथेच निकाली निघतात. कुत्रा किंवा माकड असेल तर प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातो. विज्ञानाबाहेरच्या सदस्याला कळेल असा गोषवारा साध्या मराठीत किंवा इंग्रजीत तयार ठेवा. बैठका रोज होत नाहीत, म्हणून पुढची तारीख आधी विचारा.

राष्ट्रीय उद्यानातल्या माकडांचं नुसतं निरीक्षण करायचं असेल तर वनविभागाची परवानगी लागते. गल्लीतल्या कुत्र्यांच्या निरीक्षणाबद्दल नीतिसमितीला लेखी विचारून उत्तर फाइलला लावा.

समितीचे आदेश मोडल्यास कायद्याच्या कलम 20 मध्ये दंड आहे फक्त 200 रुपयांपर्यंत. ही रक्कम लाजिरवाणी आहे. पण समिती प्रयोगच बंद करू शकते, आणि ते संस्थेला खूप जड जातं. मंजुरीनंतर प्राण्यांची संख्या, जात किंवा कृती बदलायची असेल तर आधी सुधारित अर्ज द्या. मंजुरी हातात येईपर्यंत नव्या पद्धतीने एकाही प्राण्यावर काम करू नका.