काळा पाषाण फुटतो कसा?

सोलापुरातल्या घरात चार जातींचे दगड सहज सापडतात. पायात काळा पाषाण, जमिनीवर शहाबादी फरशी, स्वयंपाकाच्या ओट्यावर ग्रॅनाइट आणि देवघरात संगमरवर. यांतला सर्वांत मजबूत कोणता असे विचारले, तर बहुतेक जण काळ्या पाषाणावर नाहीतर ग्रॅनाइटवर बोट ठेवतील. जमिनीवर हे उत्तर बरोबर आहे. पण हेच दगड जमिनीखाली पंधरा-वीस किलोमीटरवर नेले तर ते निराळेच वागू लागतात. दगड किती भार सोसेल आणि सोसवेनासा झाला की फुटेल की वाकेल, हे एकट्या दगडाच्या हातात नसते. त्याला चहूबाजूंनी किती आवळले आहे, तो किती तापला आहे, त्याच्या फटींत पाणी आहे का आणि भार किती सावकाश येतो, यावर ते ठरते.

आधी जमिनीवरची गोष्ट घेऊ. काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून बनलेला. घट्ट बेसॉल्टचा दंडगोल यंत्रात उभा ठेवून दाबला, तर तो १५० ते ३०० मेगापास्कल दाब सोसतो, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर दीड ते तीन टन. घर बांधताना वापरतात त्या एम-२० काँक्रीटची ताकद २० मेगापास्कल असते, यावरून अंदाज येईल. मात्र हा दंडगोल फुटतो तेव्हा आधी फारशी सूचना देत नाही. दाबाच्या दिशेने उभ्या चिरा जातात आणि मोठा आवाज होऊन कपच्या चहूकडे उडतात.

वरून दाबलेल्या दगडाला उभ्या चिरा का पडाव्यात? प्रत्येक दगडात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य भेगा आधीपासून असतात. वरून दाब आला की दगड बाजूंना फुगू पाहतो आणि त्या भेगांच्या टोकांशी ताण एकवटतो. कमाल भाराच्या साधारण निम्म्याच्या पुढे गेले की भेगा वाढू लागतात, एकमेकींना मिळतात. दाबत असतानाच दगडाचे आकारमान किंचित वाढते. संवेदनशील यंत्र लावले तर आतली बारीक टकटकही टिपता येते. दगड दाबाला जितका खंबीर असतो तितका ताणाला नसतो. त्याची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या एक दशांशाच्या आसपासच भरते. पिढ्यान्‌पिढ्या पाषाण फोडणारे वडार कारागीर नेमके याचा उपयोग करतात. ते दगड चिरडत बसत नाहीत. ओळीने खाचा पाडतात, पाचरी ठोकतात आणि दगडाला आतून फाकवतात. यंत्रांनी हे ज्ञान मोजून दाखवण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या हातांना ते ठाऊक आहे, आणि त्याची नोंद आपण पुरेशी ठेवली नाही असे मला नेहमी वाटते.

शहाबादी फरशी भीमेच्या खोऱ्यातली, कलबुर्गी जिल्ह्यातली. हा चुनखडक आहे, समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला. म्हणून तो पातळ, सपाट तुकड्यांत सुटतो आणि फारसे न कापता फरशी मिळते. अशा थरांच्या खडकाची ताकद दिशेप्रमाणे बदलते. थरांवर काटकोनात दाबा, तो चांगला टिकतो. थर तिरके ठेवून दाबा, ते एकमेकांवरून घसरतात. बोगदे खणणारे अभियंते म्हणूनच खडक कोणता याच्या जोडीला त्याचे थर कुठे कललेले आहेत हेही विचारतात.

आता दगडाला आवळून पाहू. जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये थिओडोर फॉन कारमान याने संगमरवराचे दंडगोल पातळ वेष्टनात गुंडाळले, भोवती द्रवाचा प्रचंड दाब दिला आणि मग वरून भार वाढवत नेला. हे प्रयोग १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हाच माणूस विमानविद्या आणि रॉकेटशास्त्रात नावाजला. आवळले नसताना फटकन फुटणारा इटलीतला संगमरवर चहूबाजूंच्या दाबात फुटेनाच. पोटात फुगत, पिंपासारखा होत गेला. भोवतालच्या दाबाने भेगांना उघडायला जागाच ठेवली नाही. शिवाय संगमरवर ज्या कॅल्साइट नावाच्या खनिजाचा बनलेला असतो, त्याच्या स्फटिकांचे थर साध्या तापमानालाही एकमेकांवरून सरकू शकतात. भाकरी ताजी असताना दुमडते आणि वाळून कडक झाली की मोडते, तसा हा फरक एकाच पदार्थाच्या दोन वागण्यांतला आहे.

ग्रॅनाइट इतक्या सहज वाकत नाही. त्यालाही आवळले की ताकद कित्येक पटींनी वाढते, पण शेवटी तो फुटतोच, मात्र उभा न चिरता तिरक्या प्रतलावर, भाराच्या दिशेशी साधारण तीस अंशांचा कोन करून. त्यातल्या खनिजांपैकी क्वार्ट्झ सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे वाकू लागते, फेल्डस्पारला तर त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. खंडांच्या कवचात हे तापमान अनेक ठिकाणी दहा-पंधरा किलोमीटरवर मिळते. त्याच्या वर खडक फुटतो, खाली तो लाखो वर्षे सावकाश वाहतो. म्हणूनच खंडांतर्गत बहुतेक भूकंप या वरच्या भागात होतात.

सच्छिद्र खडकांची तऱ्हा आणखी वेगळी. आपल्याकडे घट्ट पाषाणाच्या थरांमध्ये बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला मांजऱ्या खडक लागतो, कुठे मऊ लाल थर लागतो, वर मुरूम. पोकळ्या मोकळ्या असतील तर जास्त दाबात त्याच कोसळतात. खडक फुगत नाही, आत बसतो. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क तेलक्षेत्रात खडूच्या खडकातून तेल उपसल्यावर तो असाच दबला. समुद्रतळ खचल्याचे १९८४ मध्ये लक्षात आले आणि १९८७ मध्ये समुद्रात उभे असलेले तिथले तेल उपसण्याचे फलाट सहा मीटर उचलावे लागले.

मोठी ऊर्जा साठवतो तो कठीण खडकच. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरच्याही खाली गेल्या होत्या. तिथे खोदकामाने एका बाजूचा आधार काढून घेतला की आवळलेला खडक स्फोटासारखा फुटे. २००१ मध्ये खाणी बंद होईपर्यंत या खडकस्फोटांची धास्ती कामगारांना असायची.

मग आपल्या पायाखाली काय? सोलापूर दख्खनच्या लाव्हाथरांवर वसले आहे. भूकंपाच्या जुन्या नकाशात शेजारचा लातूर भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जन आटोपून माणसे झोपली असताना किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली. नंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा बेसॉल्ट ३३८ मीटरवरच संपला. त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन नाइस खडक लागला. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाशी अडतो. तो दाब इथल्या खडकापर्यंत पोहोचतो. किल्लारीचे केंद्र उथळ होते. तिथला खडक वाहण्याइतका तापलेला नाही, त्यामुळे दाब असह्य झाला की जुन्या कमजोर प्रतलावर तो घसरतो आणि एक बाजू दुसरीवर चढते.

पाणी या घसरण्याला मदत करते. ते खोल भेगांत शिरले की दोन बाजू एकमेकींवर जितक्या जोराने टेकलेल्या असतात तो जोर कमी होतो, आणि घर्षणही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या कोयनेच्या भूकंपाचा संबंध कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाशी जोडला जातो तो यामुळे. हेच नीट तपासण्यासाठी कोयनेजवळ गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले आहे. तिथे बेसॉल्ट सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला.

किल्लारीतल्या भिंतींचा दगड कमजोर नव्हता. तो हाच काळा पाषाण होता. भिंती मात्र दोन पदरांच्या होत्या, मध्ये मातीत भरलेले गोटे आणि वर मातीच्या माळवदाचा बोजा. हादऱ्याने दोन पदर बाहेर फुगले आणि एकमेकांपासून सुटले. आधाराशिवाय दाबलेला दंडगोल बाजूंना फाकतो, तेच इथे भिंतीचे झाले. अक्कलकोट, बार्शीकडच्या गावांत अशा भिंतींची घरे अजून वापरात आहेत. आयएस १३८२८ या भारतीय मानकात त्यावरचा उपाय दिला आहे. भिंतीच्या पूर्ण जाडीइतके लांब, आरपार जाणारे दगड उंचीत दर ६० सेंटीमीटरला आणि आडव्या दिशेने जास्तीत जास्त १२० सेंटीमीटर अंतराने बसवायचे. उभ्या घरातही भिंतीला जपून भोक पाडून, सळई घालून आणि काँक्रीट भरून हे काम करता येते. गावातल्या गवंड्याला ते शिकायला फार वेळ लागत नाही.