‘ब’ आलूचा : वाचन-लेखनाच्या उपक्रमांची पार्श्वभूमी

पहिलीच्या वर्गात बटाट्याचं चित्र असलेलं ‘ब’चं कार्ड दाखवलं की नागपूरकडचं मूल बिनदिक्कत ‘आलू’ म्हणतं. त्याचं काही चुकत नाही. घरी आलूच म्हणतात. कोथिंबिरीला सांबार म्हणतात, शेंगदाण्याला फल्ली. चित्र ओळखलं, शब्दही आला, फक्त हवं ते अक्षर आलं नाही. शब्दकार्डं, चित्रवाचन, शब्दडोंगर (एकेक शब्द वाढवत बांधायचं वाक्य), वाचनकोपरा हे सगळं आज तयार मिळतं. पण यातला प्रत्येक उपक्रम कधी ना कधी अशाच एखाद्या अडचणीवर तोड म्हणून निघाला होता. ती अडचण विसरली की उरतं ते कातरकाम आणि चिकटकाम.

पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून अक्षर काढायचं, गिरवायचं आणि पुसून पुन्हा काढायचं. ‘ओनामा’ हा शब्द त्याच परंपरेतल्या ‘ॐ नमः सिद्धम्’वरून आला. धूळपाटीत एक सोय होती, चुकीचा डाग मागे राहत नसे. आज तेच परातीत रवा किंवा चाळलेली वाळू घेऊन करतात. थर साधारण अर्धा सेंटिमीटर हवा. जाड झाला तर रेघ बुजते, पातळ झाला तर बोट भांड्याला घासतं.

खरी अडचण होती क्रमाची. क-ख-ग-घ-ङ ही मांडणी उच्चारस्थानांची आहे, व्याकरण म्हणून अप्रतिम. पहिल्यांदा वाचणाऱ्याला मात्र निरुपयोगी. ‘ङ’ आणि ‘ञ’ने मराठीत शब्द सुरू होत नाही, ‘ण’ला बाणाच्या शेपटीला लटकावं लागतं. सगळी मुळाक्षरं घडाघडा म्हणणारं मूल दुकानाची पाटी वाचू शकत नाही, ते यामुळे. अक्षरगट निघाले ते यावर उतारा म्हणून. क, म, ल, र, ब आणि काना एवढ्यावर काम, माल, बाक, लाल, बरा, कमल असे शब्द पहिल्या पंधरवड्यात हाती येतात.

१८५३-५४मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१मध्ये मध्य प्रांत झाला आणि सरकारी शाळांबरोबर तपासनीस आले. तपासनिसापुढे पाठांतर दाखवता येतं, समजलेलं दाखवणं कठीण. त्यामुळे पाठांतर टिकलं.

मुलाच्या हाताला आणि जिभेला मोकळीक देणारा विचार मराठीत रुजवला तो मुख्यतः ताराबाई मोडकांनी. लग्नानंतर त्या काही काळ अमरावतीत होत्या. पुढे भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांची खरखरीत अक्षरं इकडे आली ती या वाटेने. पॉलिश पेपरमधून, म्हणजे खरकागदातून, अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचं आणि दोन बोटांनी, लिहिण्याच्याच दिशेने फिरवायचं. शिरोरेषा शेवटी. ही अक्षरं भिंतीवर सहा फुटांवर टांगलेली दिसली की समजावं, कोणीतरी ती फक्त पाहण्यासाठी केली आहेत.

नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समितीचा आराखडा तिथून निघाला, सेवाग्रामला नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची गांधीजींची पद्धत, सुरू झाली. लोकांना तिच्यातली टकळी आठवते. भाषेच्या दृष्टीने मोलाची होती ती रोजची नोंद. किती सूत निघालं, वाफ्यात काय उगवलं, आज ऊन कसं होतं. लिहायला कारण मिळालं. हवामानाचा फळा आणि बागेची वही हे उपक्रम त्याच घरातले, जरी आता त्यांच्यावर तो शिक्का उरलेला नाही.

नागपूर १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९६०मध्ये महाराष्ट्र झाला. २७ जानेवारी १९६७ला पुण्यात बालभारती, म्हणजे राज्याचं पाठ्यपुस्तक मंडळ, स्थापन झाली आणि साऱ्या राज्याला एक पुस्तक मिळालं. सोय मोठी झाली. पण बटाटा आणि आलूचा घोळही इथेच पक्का झाला. १९७१पासून ‘किशोर’ मासिकाने पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचन घराघरात नेलं. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल अनुभवातून स्वतः ज्ञान घडवतं ही, भाषा आली, २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमानंतर तर फरश्या नि भिंती रंगून गेल्या. ऑइलपेंटने रंगवलेला तक्ता मात्र मुलाला बदलता येत नाही. महिन्याभरात तो भिंतच होतो. २०२१च्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाने तिसरीपर्यंत समजून वाचता येण्याचं लक्ष्य ठेवलं, मुदत २०२६-२७.

आता आलूकडे परत. यावर चालणारा उपाय म्हणजे मुलांच्या बोलण्यातून मजकूर तयार करणं. सहा-सात मुलांचा गट घ्या, मध्ये सांबाराची जुडी ठेवा. हात लावू द्या, वास घेऊ द्या. मुलं बोलतील ती चार-पाच वाक्यं मोठ्या कागदावर लिहा. अक्षर पाच सेंटिमीटर, शब्दांत दोन बोटांचं अंतर. शब्दाखाली बोट फिरवत तीनदा वाचा. दुसऱ्या दिवशी वाक्यपट्ट्या कापा, तिसऱ्या दिवशी शब्द सुटे करा. जुन्या कॅलेंडरची पाठ कागद म्हणून उत्तम.

फसतं ते इथे. मूल म्हणतं, ‘आई सांबार तोडून राहिली,’ आणि बाई सवयीने लिहितात, ‘आई कोथिंबीर निवडत आहे.’ वाचताना मुलाचं तोंड आठवणीतलं वाक्य म्हणतं आणि बोट भलत्याच शब्दावर असतं. शब्द आणि आवाज यांची गाठ बसायच्या ऐवजी सुटते. मूल बोललं तसंच लिहावं. प्रमाण शब्द आठवड्याभराने आणावा: एकाच चित्राची दोन कार्डं, सांबार आणि कोथिंबीर, फळ्यावर दोन रकाने, ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’.

शब्दडोंगरही याच कार्डांवर चढतो: सांबार, हिरवा सांबार, ताजा हिरवा सांबार, ताजा हिरवा सांबार आणला, आईने ताजा हिरवा सांबार आणला. एका मुलाने एकच शब्द घालायचा. नाहीतर पुढच्या बाकावरचे दोघे अख्खा डोंगर बांधून मोकळे होतात. पाच ओळींपुढे जाऊ नये. फळ्यावरचा डोंगर वहीत उतरवून घेणं हा डोंगर नव्हे, ते शुद्धलेखन.

आणि एक अगदी स्थानिक गोष्ट. नागपूरच्या उन्हाळ्यात पंखा पूर्ण वेगात असतो, जमिनीवर मांडलेल्या पट्ट्या मिनिटभरात उडतात. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, तीन-साडेतीन फुटांवर सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पट्ट्या लावल्या की उडत नाहीत, आणि मुलं स्वतः काढून जागा बदलू शकतात.