कोड पंख्याचा, दोष रबराचा

फ्रीजच्या दारावरील छोट्या पडद्यावर तापमानाच्या जागी दोन-तीन अक्षरे किंवा आकडे लुकलुकू लागले, की घरातील माणूस बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो कोड मोबाइलवर शोधून त्याच्यापुढे लिहिलेला सुटा भाग मागवतो, नाही तर प्लग काढून पुन्हा लावतो आणि कोड गेला म्हणून निश्चिंत होतो. कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचे नाव, असे आपण गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात ती फ्रीजमधील नियंत्रक बोर्डाने नोंदवलेली तक्रार असते. अमुक ठिकाणाहून मोजमाप आले नाही, किंवा आले ते विश्वास ठेवण्याजोगे नव्हते, एवढेच बोर्डाला म्हणायचे असते. ते का घडले हे त्याला ठाऊक नसते.

हे समजण्यासाठी मेकॅनिक ज्याला नुसते ‘सेन्सर’ म्हणतात तो भाग पाहू. प्लास्टिकच्या टोपीत बसवलेला, शेंगदाण्याएवढा हा थर्मिस्टर थंड होत जाईल तसा त्याचा विद्युतरोध वाढत जातो. २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम रोध असलेला नेहमीचा थर्मिस्टर शून्य अंशाला सुमारे ३३ किलोओहम दाखवतो आणि फ्रीझरमधील उणे १८ अंशांना ८०-९० किलोओहमपर्यंत जातो. बोर्ड त्याच्याशी एक ठरावीक रोध जोडून त्या जोडीवर थोडा विद्युतदाब देतो आणि दोघांमध्ये दाबाची वाटणी कशी झाली यावरून तापमान ताडतो. आता या थर्मिस्टरची वायर तुटली, तर बोर्डाच्या लेखी रोध अनंत झाला, म्हणजे फ्रीजमध्ये अशक्य कोटीची थंडी पडली. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर तितकीच अशक्य उष्णता. दोन्ही आकडे शक्यतेच्या बाहेरचे असल्यामुळे बोर्ड सेन्सरचा कोड दाखवतो. मात्र सेन्सर स्वतः गेला, त्याची वायर उंदराने कुरतडली, जोडणीचा कनेक्टर सैल झाला की बोर्डावरचाच टाका उखडला, यांपैकी काय झाले हे त्या कोडमध्ये नसते. म्हणून सेन्सर बदलण्यापूर्वी मेकॅनिकने मल्टिमीटर लावून ओहम मोजले का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. सुटा सेन्सर बर्फाचा चुरा आणि पाणी भरलेल्या पेल्यात पाच मिनिटे धरला, की तो शून्य अंशाला येतो. मीटरवरील आकडा त्या मॉडेलच्या तक्त्याशी जुळला, तर दोष दुसरीकडे शोधावा.

याहून फसवा प्रकार म्हणजे कोडच न दाखवणारा बिघाड. ठाणे आणि नवी मुंबई ही खाडीच्या दोन्ही काठांवर वसलेली शहरे. भरती-ओहोटीच्या चिखलातून येणाऱ्या त्या ओळखीच्या वासात हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि हा वायू तांबे व चांदी यांना काळे पाडतो. त्याच्या जोडीला खारी, दमट हवा असतेच. अशा हवेत कनेक्टरच्या पिना गंजल्या, तर वाटेत पाच-सहा किलोओहमचा जादा रोध येऊन बसतो. थर्मिस्टरच्या बाबतीत जास्त रोध म्हणजे जास्त थंडी. त्यामुळे आत प्रत्यक्षात ४ अंश असताना बोर्ड ‘शून्य झाले’ असे समजून कॉम्प्रेसर लवकर थांबवतो. आकडा शक्यतेच्या आत असल्याने तक्रार करायला बोर्डाला काही कारणच नसते. पडदा शांत असतो आणि दूध मात्र फाटत राहते.

पंख्याच्या कोडमागील युक्ती वेगळी आहे. फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे साचलेले हिम आपोआप वितळवणाऱ्या, फ्रीजमध्ये थंडावा तयार करणारी गुंडाळी फ्रीझरच्या मागील पत्र्याआड असते आणि तिथली थंड हवा एक छोटा पंखा सगळीकडे खेळवतो. हा पंखा बहुधा १२ व्होल्टवर चालतो. दोन वायरींनी त्याला वीज मिळते आणि आणखी एका वायरीने तो स्वतःच्या प्रत्येक फेरीची खूण म्हणून बोर्डाकडे विजेची स्पंदने पाठवत असतो. स्पंदने येईनाशी झाली, की बोर्ड पंख्याचा कोड देतो. मोटर जळाली तरी स्पंदने थांबतात आणि धडधाकट मोटरचे पाते बर्फात रुतले तरी थांबतात.

आमच्या नवी मुंबईतील ऐरोलीच्या घरी नेमके हेच झाले. जुलैचा दुसरा आठवडा होता. फ्रीझरमध्ये बर्फ व्यवस्थित जमत होता, पण खालच्या कप्प्यातली कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडली, आणि रात्री मागून कागद घासल्यासारखी खरखर ऐकू येऊ लागली. तिसऱ्या दिवशी पंख्याचा कोड आला. वर गार आणि खाली कोमट, ही हवा न फिरण्याची अगदी पुस्तकी खूण आहे. आलेल्या मेकॅनिकने मागचा पत्रा काढला, बर्फ वितळवला, पंख्याची मोटर बदलली, जुनी मोटर पिशवीत घालून माझ्या हाती दिली आणि तो गेला. एकोणीस दिवसांनी तोच कोड पुन्हा हजर. तेव्हा मला ती पिशवी आठवली. वायफायच्या राउटरचा १२ व्होल्टचा जुना अडॅप्टर जोडून पाहिला, तर ‘जळालेली’ मोटर टेबलावर भिंगरीसारखी फिरू लागली.

मोटर चांगली होती, मग बर्फ येतो कुठून हे शोधण्यासाठी मी दहा रुपयांची नोट घेऊन दाराभोवती फिरलो. नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावायचे आणि हलकेच ओढायची; दाराच्या कडेचे रबर नीट बसत असेल तर नोट अडते. आमच्या दाराला तीन बाजूंनी ती अडली. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात मात्र सुळकन हातात आली. दाराच्या खणात कोंबलेल्या लोणच्याच्या उंच बरणीमुळे दार किंचित अधांतरी राहत होते आणि महिनोन्महिने तसेच राहिल्याने तिथले रबर आत मुडपले होते. या रबराच्या पोटात चुंबकाची लवचीक पट्टी असते आणि तीच दार ओढून धरते. पण रबर मुडपले किंवा त्यावर चिकट थर व काळी बुरशी साचली, की चुंबकाची पकड सुटते.

त्या एका कोपऱ्याने एवढे काय बिघडणार, असे वाटेल. पण आपल्याकडच्या पावसाळी हवेचा हिशेब मांडून पाहावा. २८ अंशांच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे साडेचोवीस ग्रॅम पाण्याची वाफ असते, तर ४ अंशांची हवा जास्तीत जास्त साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर वाफ धरू शकते. अडीचशे लिटरच्या फ्रीजमधील सगळी हवा एकदा बदलली, तर साधारण साडेचार ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चमचाभर पाणी आत राहते. दार उघडताना एवढी पूर्ण अदलाबदल दर वेळी होत नाही. परंतु फट असलेले दार दिवसरात्र थोडे थोडे उघडेच असते, आणि आत शिरलेली सारी वाफ सर्वांत थंड जागी, म्हणजे त्या गुंडाळीवर, हिम होऊन बसते.

हे हिम काढण्याची सोय फ्रीजमध्ये असते. ठरावीक तासांनी, किंवा दार किती वेळा उघडले याचा अंदाज घेऊन, बोर्ड कॉम्प्रेसर थांबवतो आणि गुंडाळीखालचा हीटर लावतो. वितळलेले पाणी एका भोकातून नळीवाटे मागे कॉम्प्रेसरजवळच्या तबकात पडते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जाते. गुंडाळीवरचा सेन्सर शून्याच्या बराच वर गेला, की काम झाले असे समजून हीटर बंद होतो. ठरलेल्या वेळेत तो तेवढा तापलाच नाही, तर डीफ्रॉस्टचा, म्हणजे हिम वितळवण्याचा, कोड येतो. त्याचे कारण हीटर तुटणे हे असू शकते, त्याच्या संरक्षणासाठी लावलेला थर्मल फ्यूज उडणे हेही असू शकते. आणि पाण्याचे भोक तुंबून तळाशी बर्फाची लादी झाली असेल, तर चांगला हीटरही तिच्यापुढे हरतो. एकच रोग कधी डीफ्रॉस्टच्या नावाने बाहेर पडतो, तर कधी पंख्याच्या.

कोणत्या खुणेचा काय अर्थ, हे कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलते. एलजीच्या अनेक मॉडेलांत ‘ईआर एफएफ’ म्हणजे फ्रीझरचा पंखा, ‘ईआर सीएफ’ म्हणजे कंडेन्सरचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांचा) पंखा, ‘ईआर डीएच’ म्हणजे डीफ्रॉस्ट आणि ‘ईआर सीओ’ म्हणजे दोन बोर्डांमधला तुटलेला संवाद. सॅमसंगच्या कित्येक मॉडेलांत २१ आणि २२ हे आकडे अनुक्रमे फ्रीझरच्या व फ्रीजच्या पंख्याचे असतात. पडदा नसलेल्या फ्रीजमध्ये एखादा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो. ते मोजत बसण्यापेक्षा मोबाइलवर मिनिटभराचे चित्रण करून ठेवणे चांगले.

पडद्यावर नुसतेच ‘ओएफएफ’ किंवा ‘ओएफ ओएफ’ दिसत असेल, आतला दिवा लागत असेल आणि गारवा अजिबात नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. दुकानात मांडून ठेवलेला फ्रीज वीज न जाळता नुसता उजळलेला दिसावा म्हणून ठेवलेला तो डेमो मोड असतो. ओल्या फडक्याने पडदा पुसताना दोन बटणे एकदम दाबली गेली, तरी तो सुरू होऊ शकतो. तो कसा बंद करायचा, हे पुस्तिकेत दिलेले असते.

प्लग काढून पाहण्यात गैर काही नाही. वीज झटक्याने जाऊन-येऊन बोर्ड गोंधळला असेल, तर त्यानेच काम भागते. फक्त आधी कोडचे छायाचित्र काढावे, कारण अनेक फ्रीजमध्ये प्लगबरोबर पुरावाही जातो. नंतर निदान दहा मिनिटे थांबावे. थांबलेल्या कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधील दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात, आणि तोवर तो ‘उचलत’ नाही. कोड गेला आणि काही दिवसांनी परत आला, तर मात्र पुन्हा पुन्हा प्लग काढू नये. बर्फाचा संशय असल्यास सामान शेजारी हलवून, दोन्ही दारे उघडी टाकून, फ्रीज पूर्ण एक दिवस बंद ठेवावा. आम्ही तसे केले, तेव्हा जमिनीवर अंथरलेल्या जुन्या चादरी पिळून बादलीचा तळ चांगला भरला. रबर साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, मुडपलेल्या कोपऱ्यावर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल धरून ते बोटांनी सरळ केले, आणि लोणच्याची बरणी ओट्याखाली गेली. त्यानंतरचे दोन पावसाळे तो कोड आलेला नाही.

बर्फ सुरीने खरवडण्याचा मोह मात्र टाळावा. गुंडाळीची नळी पातळ असते आणि अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये तिच्यातून आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, वाहतो. ओझोनला तो निरुपद्रवी आहे, हवामानावरही त्याचा भार नगण्य आहे. पण तो ज्वलनशील आहे. फ्रीजमध्ये तो जेमतेम चाळीस-पन्नास ग्रॅम असला, तरी बंद स्वयंपाकघरात तेवढाही नको. कॉम्प्रेसरचा किंवा त्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टर बोर्डाचा कोड आला, तर घरगुती प्रयोग तिथेच थांबवावेत. इन्व्हर्टर बोर्ड आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या प्रवाहाचे ३०० व्होल्टहून अधिक एकदिश दाबात रूपांतर करतो, आणि प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटर काही काळ तो दाब धरून ठेवतात.

गॅस हळूहळू गळत असला, तरी पुष्कळ फ्रीज महिनोन्महिने कोणताच कोड दाखवत नाहीत; कॉम्प्रेसर अखंड चालतो आणि वीजबिल तेवढे वाढत जाते. म्हणून पडद्यापेक्षा पेलाभर पाण्यावर माझा जास्त भरवसा आहे. पाण्याने भरलेला पेला मधल्या फळीवर ठेवून रात्रभर दार बंद ठेवायचे आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवायचा. दार उघडताच हवेचा आकडा चढतो, पाण्याचा तसा चढत नाही. तो ४ अंशांच्या आसपास असेल तर फ्रीज ठीक आहे. ८-१० दिसला, तर पडदा काहीही म्हणो, मेकॅनिकला बोलवावे, आणि त्याला फोनवर कोडबरोबरच हा आकडा, फ्रीझरची स्थिती आणि आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक सांगावा. ती पट्टी बहुधा भाजीच्या कप्प्याजवळ असते आणि पुसून पुसून तिच्यावरची अक्षरे उडतात, तेव्हा तिचे छायाचित्र आजच काढलेले बरे.