चिमणीच्या पोटाखालचं तांबं

लोखंडाचा सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या आणि पाण्याखाली तांब्याचा पत्रा. 'स्पॅरो' ही ब्रिटिश गनबोट, म्हणजे तोफा बसवलेली छोटी युद्धनौका, 1889 साली स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकला पाण्यात उतरली, ती अशी तीन थरांची. वजन 805 टन, लांबी जेमतेम 50 मीटर, चार इंची सहा तोफा. वाफेचं इंजिन होतं, शिवाय शिडंही होती. तिच्या बहिणींची नावंही पक्ष्यांचीच : थ्रश, लॅपविंग, मॅगपाय. स्पॅरो म्हणजे आपली चिमणी.

त्या काळात पोलादी जहाजं सर्रास बनत होती. मग लाकूड कशाला?

गनबोट महिनोन् महिने घरापासून लांब, उष्ण समुद्रात फिरायची. तिथे तळाला शेवाळ आणि बार्नॅकल (घट्ट चिकटणारे छोटे कवचधारी समुद्री जीव) भराभर धरतात. तळ खरबरीत झाला की वेग पडतो, कोळसा जास्त जळतो आणि खरवडायला सुकी गोदी (पाणी काढून जहाजाचा तळ उघडा करायची जागा) जवळ नसते. तांबं मात्र समुद्राच्या पाण्यात अगदी सावकाश विरघळत राहतं. ते विरघळणारं तांबंच या जीवांना विषारी ठरतं, त्यामुळे तळ स्वच्छ राहतो.

अडचण अशी, की तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि भोवती खारं पाणी असलं, की तिथे बॅटरीच तयार होते. त्यात झिजतं ते लोखंड. ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये 'अलार्म' या लाकडी जहाजाला तांबं मढवलं. दोन वर्षांनी पाहिलं तर तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेलेले. काही मात्र शाबूत होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले, तो कागद तिथे चुकून मधे राहिला होता! विद्युतघटाचा शोध लागायला तेव्हा अजून जवळपास चाळीस वर्षं होती, पण त्याचं उत्तर त्या कागदाने देऊन ठेवलं होतं.

पुढे 1824 च्या सुमारास ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींनी उलटा प्रयोग केला. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, म्हणजे झीज त्यांची होईल. तांबं खरंच वाचलं. पण ते विरघळायचं थांबलं, आणि बार्नॅकल पुन्हा चिकटले. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. तांब्याची झीज हेच त्याचं काम होतं, हे त्यातून उघड झालं. (डेव्हींची युक्ती वाया गेली नाही. आजच्या पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, ते त्याच तत्त्वावर.)

स्पॅरोच्या फळ्या म्हणजे त्या कागदाचंच जाड रूप. फळ्या सांगाड्याला जोडणारे बोल्ट ही नाजूक जागा. तिथून तांबं लोखंडाला भिडलं की सगळं मुसळ केरात.

27 ऑगस्ट 1896 रोजी पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटाच्या बंदरात थ्रश, रकून आणि स्पॅरो या ब्रिटिश जहाजांनी सुलतानाच्या राजवाड्यावर तोफा डागल्या. चाळीसेक मिनिटांत युद्ध संपलं. राजवाड्याच्या बाजूची सुमारे 500 माणसं मेली किंवा जखमी झाली, ब्रिटिशांकडचा एक खलाशी जखमी झाला. सर्वांत छोटं युद्ध म्हणून ते गमतीने सांगितलं जातं, ते मला पटत नाही.

पुढे न्यूझीलंड सरकारने ही बोट घेतली आणि 1906 पासून वेलिंग्टनला मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी वापरली. तोफांच्या जागी धडे आले. 1921 नंतर ती कोळसा साठवायची नुसती तरंगती कोठी झाली, आणि 1950 च्या दशकात मोडीत निघाली. शाळा झाल्यावर तिला नवं नाव मिळालं होतं, 'अमोकुरा'. माओरी भाषेत तेही पक्ष्याचंच, लाल शेपटीच्या एका समुद्रपक्ष्याचं.