तरोटा

तरोटा ही पावसाळ्यात आपोआप उगवणारी वर्षायू रानभाजी आहे. शास्त्रीय नाव सेना टोरा. जुन्या पुस्तकांत ते कॅसिया टोरा असे आढळते. कोकणात तिला टाकळा म्हणतात, तर आयुर्वेदात ती चक्रमर्द आणि दद्रुघ्न या नावांनी येते. नागपूर जिल्ह्यात शेताच्या धुऱ्यांवर (बांधांवर), पडीत जमिनीवर आणि शहरातल्या रिकाम्या प्लॉटांवरही ती दाट माजते. पोट साफ करणारी आणि गजकर्णावर उतारा देणारी म्हणून तिची ख्याती असली, तरी इथे तिला मान आहे तो आधी भाजी म्हणून.

मृगाच्या सरी पडल्या की रोपे वर येतात आणि पुढचे तीन-चार आठवडे हा खुडणीचा खरा हंगाम. वीतभर रोपाचा शेंडा बोटांनी सहज तुटला पाहिजे. देठ चिवट लागला तर भाजी निबर झाली असे समजावे. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये भरतात, तोवर पहिल्या पावसाचा तरोटा बहुतेक फुलावर आलेला असतो. ज्यांना त्याची चव घ्यायची आहे त्यांनी महोत्सवाची वाट पाहू नये. निंदणाला गेलेल्या बायका परतताना ओटीत तरोटा खुडून आणतात, आणि आजूबाजूच्या खेड्यांतून तो शहराच्या बाजारातही येतो.

ओळख पटवण्यात हयगय चालत नाही. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या सहसा तीन जोड्या असतात; पर्णिका टोकाकडे रुंद व गोलसर असतात आणि संध्याकाळी मिटतात. फुले पिवळी, पाच पाकळ्यांची. शेंगा बारीक, लांब आणि विळ्यासारख्या वाकलेल्या. त्याच जातकुळीतला कासविंदा जवळपासच वाढतो. त्याच्या पर्णिकांच्या जोड्या जास्त असतात, टोके अणकुचीदार असतात आणि शेंगा चपट्या असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना यकृत, स्नायू आणि मेंदूवर घाला घालणारा जीवघेणा आजार होत असे. त्याचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी असल्याचे २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. म्हणून मुलांना शेंगा खेळायलासुद्धा देऊ नयेत, आणि ज्या रोपाबद्दल शंका आहे ते सरळ सोडून द्यावे.

जागाही तितकीच महत्त्वाची. सोयाबीन आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) शेतांत तणनाशकाची फवारणी आता नेहमीची झाली आहे, त्यामुळे धुऱ्यावरचा तरोटा शेतमालकाला विचारूनच घ्यावा. नाग नदीच्या काठचा किंवा सांडपाण्याच्या नाल्यालगतचा तरोटा कितीही टवटवीत दिसला तरी खाऊ नये.

कच्च्या पानांना उग्र वास असतो. पाने उकळून, पाणी काढून, घट्ट पिळून घेतली की तो बराच जातो. मग भिजवलेली तुरीची किंवा चण्याची डाळ, भरपूर लसूण, हिरवी मिरची आणि कांद्यावर परतून भाजी होते. सोबत ज्वारीची भाकर. काही घरांत डाळीऐवजी बेसन पेरतात.

औषधी गुणांचे मूळ तरोट्यातल्या अँथ्राक्विनोन गटातील द्रव्यांत आहे. क्रायसोफॅनॉल आणि इमोडिन ही त्यांतली प्रमुख. सोनामुखी याच वंशातली, आणि तिचा रेचक गुणही याच गटातील द्रव्यांमुळे येतो. म्हणून तरोटा अति खाल्ला तर पोटात मुरडा येतो. गरोदर स्त्रियांनी आणि जुलाब होत असलेल्यांनी तो टाळलेला बरा. गजकर्णावर बिया ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून लावण्याची रीत जुनी आहे, आणि बियांच्या अर्काने बुरशीची वाढ रोखल्याचे प्रयोगशाळेतही दिसले आहे. पण अलीकडे भारतभर पसरलेले गजकर्ण नेहमीच्या औषधांनाही सहजी दाद देत नाही. अशा वेळी लेपावर विसंबून आठवडे घालवणे म्हणजे घरातल्या इतरांना तो संसर्ग देणे होय, त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे.

गाजरगवत हटवण्यासाठी तरोट्याचे बी टाकण्याची शिफारस तणशास्त्रज्ञ करतात, कारण दाट उगवलेला तरोटा त्याला वाढू देत नाही. दिवाळीच्या आसपास शेंगा वाळतात. भाजलेल्या बियांची पूड कॉफीसारखी उकळून पितात. बियांपासून काढलेला डिंक खाद्यपदार्थ घट्ट करण्यासाठी वापरतात आणि त्यासाठी बियांचा व्यापारही चालतो.