गाडी किती खाली बसवायची? स्पोर्ट्स कारच्या उंचीमागचा इतिहास

साताऱ्यातून यवतेश्वरमार्गे कासला चढणारा रस्ता, वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाट, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी, पाटणकडून कोकणात जाणारा कुंभार्ली. गाडी चालवायची मनापासून आवड असलेल्याला आमच्या जिल्ह्यानं काही कमी ठेवलेलं नाही. म्हणूनच सातारा-कराडच्या गॅरेजांत ‘गाडी जरा खाली बसवून द्या’ ही मागणी सारखी येते. मागणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रेसची गाडी असते. पण रेसच्या गाड्या खाली आल्या त्यामागे वेगवेगळ्या काळात वेगवेगळी कारणं होती, आणि त्यातलं सर्वांत मोठं कारण घाटातल्या गाडीला लागूच पडत नाही.

1804 मध्ये लंडनच्या ओबडाया इलियटनं घोडागाडीसाठी लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. मिरजेच्या टांग्याखालच्या कमानी त्याच घराण्यातल्या, आणि ऊस वाहणाऱ्या ट्रकखालचे कमानपाटेही. हेतू एकच होता, बसणाऱ्याची हाडं वाचवणं. मोटारगाडी आली तेव्हा तिनं हीच रचना उचलली: पुढे अखंड आडवा अ‍ॅक्सल, त्यावर पाटे. वेगवान गाड्यांचे पाटे कडक ठेवले जात, कारण पुढचे पाटे मऊ केले की अखंड अ‍ॅक्सलवरची चाकं ठरावीक वेगाला थरथरू लागत आणि स्टिअरिंग हातात राहत नसे. कडक म्हणजे चांगली, ही समजूत तिथून रुजली असावी. खरं तर ती त्या अ‍ॅक्सलची मजबुरी होती.

ती मजबुरी मोडण्यात मॉरिस ऑली या ब्रिटिश इंजिनिअरचा वाटा मोठा आहे. रोल्स-रॉइसमधून तो 1930 च्या सुमारास कॅडिलॅककडे गेला. तिथं त्यानं एका गाडीवर सरकवता येणारी वजनं लावली, ती पुढेमागे हलवत, पुढच्या-मागच्या स्प्रिंग बदलत गाडी कशी डोलते ते तपासलं. पुढची बाजू मऊ आणि मागची त्याहून थोडी कडक ठेवली तर गाडी सपाट चालते, हे त्यातून स्पष्ट झालं. कारण साधं आहे: गतिरोधकावर पुढचं चाक आधी चढतं, मागचं नंतर. मागची बाजू जरा चपळ असली की ती पुढच्या डोलाला गाठते आणि गाडी होडीसारखी हेलकावत नाही. पण पुढची बाजू मऊ करायची तर अखंड अ‍ॅक्सल सोडणं भाग होतं. इटलीच्या लान्सियानं 1922 मध्येच लॅम्ब्डा या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक दुसऱ्याला न हलवता वरखाली होईल अशी रचना, दिलं होतं. जनरल मोटर्सच्या 1934 च्या मॉडेलांपासून ते अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर आलं.

उंची आणि वळण यांचं नातं सगळ्यांत उघडं पडलं ते मागच्या स्विंग अ‍ॅक्सलमध्ये. 1954 च्या मर्सिडीज 300 एसएलला तो होता. यात चाक अर्ध्या अ‍ॅक्सलला पक्कं जोडलेलं असतं आणि अ‍ॅक्सल मधल्या सांध्यावर वरखाली फिरतो. म्हणजे गाडीची उंची थोडी बदलली तरी चाकाचा कलही बदलतो. वेगात वळताना मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू वर उचलली जायची, चाकं पोटाखाली आत वळायची आणि टायरची पकड एका झटक्यात सुटायची. मर्सिडीजनं 1957 च्या रोडस्टरमध्ये सांधा खाली घेऊन हा दोष बराच आटोक्यात आणला. गाडीची उंची ठरवताना चाकाचा कोनही आपोआप ठरत असतो, हा धडा इथला आहे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तोच सर्वांत मोलाचा.

तो धडा लोटस या ब्रिटिश कंपनीच्या कॉलिन चॅपमननं पुरेपूर वापरला. 1962 ची लोटस एलान सातशे किलोच्या आतली. तिच्या स्प्रिंग मऊ होत्या, चाकाला वरखाली जायला भरपूर जागा होती, मात्र शॉकअप आणि आर्मची (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांची) भूमिती अचूक होती. रस्ता उंचसखल असला तरी टायर त्याला धरून राहायचा. तिला वळणात पकडणं भल्याभल्यांना जमायचं नाही.

मग हवा आली. 1978 च्या लोटस 79 या फॉर्म्युला वनच्या गाडीनं आपल्या खालच्या हवेचा दाब कमी करून गाडीला रस्त्यावर खेचून धरलं. त्यासाठी तळ आणि रस्ता यांच्यातली फट लहान, आणि जवळपास न बदलणारी हवी. त्यामुळे स्प्रिंग दगडासारख्या कडक झाल्या. 1981 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये किमान 6 सेंटिमीटर उंचीचा नियम आला. ब्रॅबम संघाच्या गाडीनं त्यातून वाट काढली: मोजमापाच्या वेळी उभी असताना 6 सेंटिमीटर, वेगात हवेच्या दाबानं खाली बसलेली. 1983 पासून सपाट तळ सक्तीचा झाला. 1994 मध्ये शर्यतीत झालेल्या चालक आयर्टन सेन्नाच्या मृत्यूनंतर तळाला लाकडी फळी बसवण्याचा नियम आला, ती ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घासली की गाडी बाद. पोस्टरवरची जमिनीला चिकटलेली, कडक गाडी ही या हवेच्या शर्यतीची संतती आहे. पसरणी घाटात साठच्या वेगानं जाणाऱ्या गाडीला खालची हवा असलं काही देत नाही.

मग खाली बसवून मिळतं काय? गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरं. हिशेब करून पाहा. 1000 किलोची गाडी, गुरुत्वमध्य 50 सेंटिमीटर उंच, दोन चाकांमधलं अंतर 150 सेंटिमीटर, आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 0.8 पट. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे 267 किलो भार सरकतो. गाडी 25 मिलिमीटर खाली घेतली तर तो 253 किलो होतो. फायदा आहे, पण एवढाच.

तोटा मात्र आर्ममध्ये लपलेला असतो. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एकच उभा खांब, आणि खाली एक लोअर आर्म. फोर्डमध्ये अर्ल मॅकफर्सननं 1950 च्या आसपास आणलेली ही रचना. गाडी खाली बसली की लोअर आर्मचं आतलं टोक खाली जातं आणि आर्म चाकाकडे वर चढलेला दिसतो. जॅकवर न उचलता, चाकं जमिनीवर असतानाच वाकून बघितलं तर हे डोळ्यांना कळतं. अशा वेळी गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगानं खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे तेवढ्याच स्प्रिंगवर गाडी वळणात अधिक कलते. शिवाय चाक दबताना हवा तसा आतला कॅम्बर (चाकाचा उभा कल) मिळेनासा होतो, आणि टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडल्यामुळे खड्ड्यात चाक आपोआप वळतं.

स्प्रिंग कापणं तर मला अजिबात मान्य नाही. कामाचे सहा वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक कापला की ती 20 टक्के कडक होते, शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगसाठी बनलेला. तो तिची उसळी आवरू शकत नाही. बंपस्टॉप (चाकाची वर जाण्याची हद्द अडवणारा रबरी ठोकळा) लवकर टेकतो, आणि वळणात बाहेरचं चाक बंपस्टॉपवर आदळलं की पकड अचानक जाते. दरीच्या कडेला हे घडू नये.

शिवाय आपला रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच आहे. गावोगावी दिसणारे बरेचसे त्या मापात बसत नाहीत. ऊसहंगामात इस्लामपूर, कराड पट्ट्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पडलेला ऊस आणि चिखल असतो. गाडी घासली की आधी ऑइलचं चेंबर फुटतं. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं.

खाली घ्यायचीच असेल तर थोडी घ्यावी आणि त्याच मापाची स्प्रिंग व शॉकअप जोडीनं बदलावेत. क्रमही पाळावा. सपाट फरशीवर, टायरमध्ये ठरलेली हवा, टाकीत नेहमीएवढं पेट्रोल आणि चालकाच्या जागी त्याच्याएवढं वजन ठेवून आधी उंची ठरवायची. उंची बदलता येणारे शॉकअप असतील तर चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून कोपऱ्यांचा भार जुळवायचा; चौरंगाचा एक पाय आखूड असला की भार दोनच पायांवर येतो, तसं गाडीचंही होतं. मग कॅम्बर, आणि सर्वांत शेवटी टो (वरून पाहता चाकांची तोंडं किती आत वा बाहेर वळलेली आहेत ते), कारण आधीच्या प्रत्येक बदलानं टो हलतो. एक गोष्ट घाईत हमखास राहते: आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. तसं केलं तर गाडी खाली उतरताच बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात, उंची चुकीची दिसते आणि रबर काही महिन्यांत फाटतं. चाकांवर गाडीचं पूर्ण वजन आल्यावरच ते आवळावेत आणि त्यानंतर अलाइनमेंटला जावं.