अडकलाय की मागे फिरलाय? स्थिरीकरण आणि प्रतिगमन

माझा भाचा साडेतीन वर्षांचा असताना त्याला बहीण झाली. बारशानंतर तीन-चार दिवसांनी, दुपारी, स्वारी रिकाम्या पाळण्यात आडवी झालेली सापडली. गुडघ्यापासून पुढचे पाय बाहेर लोंबताहेत आणि अंगठा तोंडात. वर्षभरापूर्वी सुटलेली दुधाची बाटली पुन्हा हवी झाली, रात्री गादी ओली होऊ लागली. घरात लगेच दोन निदानं झाली. आजी म्हणाली, ‘हा पुन्हा तान्हा झालाय बघ.’ मानसशास्त्र घेऊन बी.ए. करणारी त्याची आत्या म्हणाली, ‘फिक्सेशन आहे, ओरल स्टेजचं.’

आजीचं बरोबर होतं.

फिक्सेशन म्हणजे स्थिरीकरण आणि रिग्रेशन म्हणजे प्रतिगमन. वरवर बघता दोन्हींत दिसतं तेच: मोठं मूल, नाहीतर मोठा माणूसही, लहानासारखं वागतो. परीक्षेच्या पेपरांतही ही जोडी सर्रास उलटसुलट होते. त्यात बोलण्यातल्या ‘फिक्सेशन’ने आणखी गोंधळ घातलाय. ‘त्याला बाइकचं फिक्सेशन आहे’ म्हणताना आपल्याला फक्त वेड म्हणायचं असतं. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याचा शब्द वेगळा आहे. मुखावस्था (ओरल स्टेज, जिथे सगळं सुख तोंडाशी असतं), गुदावस्था (जिथे ते शी धरण्या-सोडण्याशी असतं) अशा टप्प्यांतून वाढत जाताना मनाच्या ओढीचा काही भाग एखाद्या टप्प्यावरच राहून जातो, ते स्थिरीकरण. तिथे लाड फार झाले किंवा हवं ते फारच कमी मिळालं, तर तसं होतं असं त्याचं म्हणणं. याउलट, पुढे गेलेला माणूस अडचण आली की जुन्या टप्प्याकडे वळतो, ते प्रतिगमन. एक जागा आहे, दुसरी चाल आहे.

हा फरक समजावताना फ्रॉइडने एका माशाचा दाखला दिला, आणि मला या सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत आवडतो. मनाच्या वाटेला लागण्याच्या कितीतरी आधी, 1870च्या दशकात, व्हिएन्नात शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्र्युकेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी असताना तो लॅम्प्री नावाच्या आदिम माशाचा मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली तपासत असे. वरच्या पायरीवरच्या प्राण्यांत काही चेतापेशी मज्जारज्जूच्या बाहेर, गाठींमध्ये असतात. या माशात मात्र त्या गाठीपर्यंतच्या अख्ख्या वाटेवर विखुरलेल्या दिसल्या. म्हणजे पेशी आतून बाहेर सरकत गेल्या होत्या आणि काही वाटेतच राहिल्या होत्या. पुढे 1916-17 च्या व्याख्यानांत स्थिरीकरण समजावताना त्याला हीच आठवण कामी आली.

त्याच व्याख्यानात दुसरा दाखला आहे तो मुलूख बदलत निघालेल्या लोकांचा. वाटेत मुक्काम पडतात आणि काही मुक्कामांवर मोठ्या तुकड्या मागे ठेवून बाकीचे पुढे जातात. आता पुढे गेलेल्यांची शत्रूशी गाठ पडून मार बसला, तर ते पळणार कुठे? जिथे आपली माणसं ठेवली त्या ठाण्याकडे. आणि जितकी जास्त माणसं मागे ठेवली, तितकी पुढे हरण्याची शक्यताही जास्त. मागची तुकडी म्हणजे स्थिरीकरण, माघार म्हणजे प्रतिगमन. दोन्ही वेगळी आहेत, पण एकमेकांना बांधलेली आहेत. पाठ्यपुस्तकातल्या दोन रकान्यांच्या तक्त्यात हे बांधलेपणच गळून पडतं, आणि मग मुलं निव्वळ व्याख्या घोकतात.

ओळखायचं कसं? एकच प्रश्न विचारायचा: हे आधी जमत होतं का? भाचा वर्षभर रात्री कोरडा राहात होता, पेल्याने दूध पीत होता. जमलेलं गेलं, तर ते मागे फिरणं. गंमत म्हणजे बालरोगतज्ज्ञही गादी ओली करणाऱ्या मुलाबद्दल जवळपास हाच प्रश्न विचारतात. सलग सहा महिने कधी कोरडं राहिलेलंच नसेल तर तो प्राथमिक प्रकार. राहून पुन्हा सुरू झालं तर दुय्यम. पण म्हणून प्राथमिक प्रकाराला स्थिरीकरण म्हणू नये. तिथे बहुतेक वेळा मूत्राशय आणि झोप यांची घडी बसायला उशीर लागतो एवढंच असतं. आणि दुय्यम प्रकारात ‘धाकटं आलंय म्हणून’ असं स्वतःच ठरवण्याआधी एकदा लघवी तपासून घ्यावी. जंतुसंसर्ग किंवा मधुमेहही असू शकतो. भाच्याची तपासली, काही निघालं नाही.

प्रतिगमनावर खरा प्रकाश टाकला तो फ्रॉइडच्या धाकट्या मुलीने, अ‍ॅनाने. दुसऱ्या महायुद्धात तिने आणि तिची सहकारी डोरोथी बर्लिंगहॅमने लंडनमध्ये हॅम्पस्टेडला मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली. बाँबहल्ल्यांमुळे, आईवडिलांपासून एकाएकी तुटून आलेली ही मुलं. आईपासून दूर झाल्यावर त्यांच्या शी-शूच्या सवयी ढासळत. जे सर्वांत शेवटी कमावलेलं, तेच आधी जायचं. बाँबच्या आवाजापेक्षा ताटातूट मुलांना जास्त मोडते, हे त्यांच्या नोंदींतून पुढे आलं. मग त्यांनी मुलांचे चार-पाच जणांचे छोटे ‘कुटुंब’गट केले आणि प्रत्येक गटाला एक ठरलेली ‘आई’ दिली. आधी हेवेदाव्यांचा, रडारडीचा कल्लोळ उठला. पण नंतर मागे पडलेली मुलं भराभर पुढे सरकली. रागावून, लाजवून नव्हे, तर पुढे यायला कोणीतरी मिळालं म्हणून.

पुढे 1965 च्या पुस्तकात अ‍ॅनाने एक पाऊल आणखी टाकलं: मागे जाणं हा बिघाड नसून वाढीचाच भाग आहे. दमलेलं मूल झोपायच्या आधीच्या तासाभरात बोबडं बोलू लागतं, उगाच चिडतं, अंगाला बिलगतं. सकाळी पुन्हा शहाणं. हे ज्याने घरात पाहिलेलं नाही असा पालक विरळाच.

स्थिरीकरणाच्या बाबतीत मात्र मी हात आखडता घेते. 1908 मध्ये फ्रॉइडने नीटनेटकेपणा, काटकसर आणि हट्ट या तीन गुणांची गाठ गुदावस्थेशी बांधली. हे गुण काही माणसांत एकत्र नांदतात, एवढं पुढच्या अभ्यासांतही दिसलं. ते शी-शूच्या शिकवणुकीतून आले हे काही पटण्यासारखं सिद्ध झालं नाही. शिवाय युक्तिवाद गोल फिरतो: मागची तुकडी कोणाला दिसत नाही, माघार दिसते, आणि माघारीवरूनच तुकडी होती असं ठरवायचं. त्यामुळे नखं खाणाऱ्या साहेबांना ‘मुखावस्थेत अडकलेले’ म्हणणं चहाच्या टपरीवर ठीक आहे.

प्रतिगमन नुसतं सहन करायची गोष्ट नसते, हे मनोविश्लेषक एर्न्स्ट क्रिसने दाखवलं. कलावंत मागे जातो, पण लगाम हातात ठेवून. त्याला क्रिस ‘अहंच्या (म्हणजे मनाच्या भान राखणाऱ्या भागाच्या) सेवेतलं प्रतिगमन’ म्हणाला. त्याने ते कलेबद्दल लिहिलं. मला मात्र ते वाचताना माहेरपण आठवतं. ऑफिसात वीस माणसं हाताळणारी माझी बहीण, तीच भाच्याची आई, दिवाळीत आईसमोर पाटावर पाठ करून बसते, डोक्याला तेल चोपून घेते, ‘हळू गं’ म्हणून कुरकुरते आणि ताट आयतं येईपर्यंत जागची हलत नाही. चौथ्या दिवशी परतीच्या एसटीत बसल्याबसल्या तिचा फोन सुरू असतो, सिलिंडर नोंदवला का म्हणून.

भाचा पाळण्यातून आठवडाभरात उतरला. कडी करकरायला लागली होती, आणि बहिणीला झोका द्यायचं काम त्याला मिळालं होतं.